शाळकरी मुलगी, मैदान आणि हृदय

हृदयविकार म्हटला की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर उभा राहतो तो पन्नाशीच्या आसपासचा, पोट सुटलेला, कचेरीतल्या खुर्चीला खिळलेला पुरुष. या चित्रात बाईला स्थान असलेच तर ते रुग्णालयाच्या बाकावर डबा घेऊन बसलेल्या पत्नीचे. आणि दोन वेण्या घातलेल्या, पाठीवर दप्तर घेतलेल्या चौदा-पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलीचा या विकाराशी काही संबंध असू शकेल, हे तर कोणाच्या स्वप्नातही येत नाही. ही समजूत दोन्ही अंगांनी चुकीची आहे. २०१९ साली जगात झालेल्या स्त्रियांच्या एकूण मृत्यूंपैकी सुमारे ३५ टक्के मृत्यू हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी झाले, असे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने २०२१ मध्ये नमूद केले. स्त्रियांच्या मृत्यूचे याहून मोठे दुसरे कारण नाही. आणि ज्या रोगाने या स्त्रिया साठीत वा सत्तरीत दगावतात, त्याची पहिली पावले त्यांच्या शाळकरी वयातच पडलेली असतात.

हे विधान अतिशयोक्तीचे वाटेल. परंतु त्यामागे सत्तर वर्षांचा पुरावा उभा आहे. कोरियाच्या युद्धात मारल्या गेलेल्या ३०० अमेरिकी सैनिकांच्या शवविच्छेदनाचा अहवाल १९५३ साली प्रसिद्ध झाला. त्यांचे सरासरी वय अवघे बावीस वर्षांचे होते आणि दिसायला ते सारे धडधाकट होते. तरीही त्यांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक जणांच्या हृदयाच्या रोहिण्यांमध्ये विकाराची उघड चिन्हे आढळली. बाविशीत रोग एवढा पुढे गेला असेल, तर त्याचा आरंभ तरी कधी झाला असावा, हा प्रश्न मग टाळता येईना. अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातील बोगालुसा या लहानशा गावी डॉ. जेराल्ड बेरेन्सन यांनी १९७३ च्या सुमारास तेथील मुलामुलींची पाहणी सुरू केली आणि ती पुढे कित्येक दशके चालू राहिली. अपघातादी कारणांनी अकाली मरण पावलेल्या २ ते ३९ वर्षे वयाच्या २०४ व्यक्तींच्या रोहिण्या तपासून या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवून दिले की, वजन, रक्तदाब, रक्तातील चरबी आणि धूम्रपान हे धोक्याचे घटक जितके अधिक, तितका रोहिण्यांच्या आतील अस्तराचा अधिक भाग चरबीच्या पट्ट्यांनी व्यापलेला असतो. अमेरिका, फिनलंड आणि ऑस्ट्रेलिया येथे बालपणी नोंदल्या गेलेल्या सुमारे ३८ हजार व्यक्तींचा सरासरी ३५ वर्षे मागोवा घेतल्यानंतर २०२२ मध्ये हाच निष्कर्ष अधिक ठामपणे पुढे आला. शाळकरी वयात हे घटक ज्यांच्या ठिकाणी वाढलेले होते, त्यांना पुढे प्रत्यक्ष हृदयविकार होण्याचे प्रमाण अधिक होते.

एके काळी आपल्याकडे शाळकरी वयातील हृदयरोग म्हणजे ऱ्हुमॅटिक ताप. घसा धरायचा, सांधे सुजायचे आणि पुढे हृदयाच्या झडपा निकामी व्हायच्या. दाटीवाटीच्या वस्त्यांतून तो अद्याप पुरता हटलेला नाही. परंतु त्या तापाला निदान एक आरंभ असे. मूल अंथरुणाला खिळे, डॉक्टर बोलावला जाई. आताचा धोका तसा नाही. तो अंगावर ताप आणीत नाही, शाळा बुडवीत नाही, प्रगतिपुस्तकात दिसत नाही. तो दिवसाच्या वेळापत्रकात आणि डब्याच्या झाकणाखाली हळूहळू जमा होत असतो. म्हणूनच त्याची दखल घेणे अवघड जाते.

किडकिडीतपणाचा खोटा भरवसा

हा सारा पुरावा परदेशातील मुलांचा आहे. आपल्या मुली तर बहुतांशी किडकिडीत असतात, त्यांना कसली चरबी आणि कसला रक्तदाब, असे म्हणून समाधान मानता येईल काय? दुर्दैवाने तसे नाही, आणि याचे उत्तर पुण्यातच मिळालेले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन संशोधकांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आपलेच छायाचित्र छापून एक गंमतीदार पण मर्मभेदी तुलना मांडली. उंचीच्या मानाने वजन मोजण्याचा जो निर्देशांक असतो, तो दोघांचाही सारखाच, २२.३ होता. परंतु इंग्रज डॉक्टरांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के होती, तर भारतीय डॉक्टरांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनकाट्याच्या दृष्टीने दोघे समान. हृदयाच्या आणि मधुमेहाच्या दृष्टीने मात्र नव्हेत.

याचे मूळ जन्माच्याही आधी जाते. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ मध्ये सुरू झालेल्या मातृपोषणाच्या अभ्यासात असे दिसून आले की, तेथील नवजात अर्भकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरते, तर इंग्लंडमधील अर्भकांचे ३.५ किलो. परंतु ही घट शरीरात सर्वत्र सारखी नव्हती. स्नायू आणि उदरातील इंद्रिये बारीक राहिली होती. कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. वरवर कृश आणि आतून चरबीयुक्त अशी ही शरीररचना घेऊन जन्मलेल्या मुलीला पुढे बैठे जीवन आणि तेलकट-गोड आहार मिळाला, तर तिचे शरीर ते ओझे पेलण्यास इतरांहून कमी समर्थ ठरते. दक्षिण आशियातील लोकांना हृदयविकाराचा पहिला झटका इतर प्रदेशांतील लोकांपेक्षा सुमारे पाच-सहा वर्षे आधी येतो, असे ५२ देशांतील रुग्णांच्या ‘इंटरहार्ट’ नावाच्या अभ्यासातून निष्पन्न झाले, त्याची संगती येथे काही अंशी लागते.

सबंध देशातील मुलामुलींच्या पोषणाची जी सर्वंकष पाहणी २०१६ ते २०१८ या काळात झाली, तिचे आकडे या दृष्टीने वाचण्यासारखे आहेत. १० ते १९ वयोगटातील २४ टक्के मुलेमुली प्रमाणाहून कृश होती आणि केवळ ५ टक्के स्थूल. परंतु याच वयोगटात सुमारे १० टक्क्यांच्या रक्तातील साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर पोहोचली होती, १६ टक्क्यांच्या रक्तात ट्रायग्लिसराइड या चरबीचे प्रमाण वाढलेले होते आणि ५ टक्क्यांचा रक्तदाब अधिक होता. स्थूल मुलांच्या दुप्पट-तिप्पट मुलांचे रक्त बिघडलेले आहे, याचा अर्थ उघड आहे. ‘आमची मुलगी काही लठ्ठ नाही’ हे आईबापांचे वाक्य खरे असले, तरी पुरेसे नाही.

यात आणखी एक गुंता आहे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वर्षे वयाच्या ५९ टक्के मुलींच्या रक्तात हिमोग्लोबिनची कमतरता आढळली. रक्त कमी असलेल्या मुलीला दोन जिने चढताना धाप लागते. तिच्या हृदयाला तेवढाच प्राणवायू पुरवण्यासाठी अधिक श्रम करावे लागतात. साहजिकच ती धावण्याचे टाळते. धावत नाही म्हणून दम वाढत नाही, आणि दम नाही म्हणून धावत नाही. एकाच मुलीच्या शरीरात उपासमारीचे आणि अतिरेकाचे असे दोन्ही रोग शेजारी नांदतात.

दिवसाचे चोवीस तास

हे सारे घडते कसे, ते पाहण्यासाठी तालुक्याच्या गावातील किंवा शहरातील चाळीतल्या एखाद्या नववीतील मुलीचा दिवस नजरेसमोर आणावा. सकाळी उठून चहाबरोबर दोन बिस्किटे किंवा खारी. मग शिकवणी. शाळेची घंटा होण्यापूर्वी पाणी भरणे, धाकट्याला तयार करणे. दुपारच्या सुट्टीत डबा असला तर पोळीभाजी, नसला तर फाटकाबाहेरचा वडापाव आणि पाच-दहा रुपयांची खारट पाकिटे. वेळापत्रकात शारीरिक शिक्षणाचा तास असतो. परंतु परीक्षा जवळ आली की तो गणिताकडे जातो आणि परीक्षा तर सदैवच जवळ आलेली असते. संध्याकाळी भाऊ बॅट घेऊन बाहेर पडतो. मुलीने मात्र भाकऱ्या थापायला वा भांडी घासायला हातभार लावायचा असतो. रात्री अभ्यास, त्यानंतर हातात आलेला मोबाइल, आणि मग अपुरी झोप. या दिवसात तिने हृदय जोराने धडधडेल असे काही केले, असा एकही अर्धा तास सापडत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलांनी दररोज सरासरी एक तास तरी दम लागेल अशी हालचाल केली पाहिजे. या संघटनेच्या संशोधकांनी १४६ देशांतील ११ ते १७ वर्षे वयाच्या सुमारे १६ लाख विद्यार्थ्यांची माहिती एकत्र करून २०१९ मध्ये प्रसिद्ध केली. तीत असे दिसले की, २०१६ साली जगातील ८५ टक्के मुली आणि ७८ टक्के मुलगे या किमान मर्यादेलाही पोहोचत नव्हते. २००१ पासूनच्या पंधरा वर्षांत मुलग्यांची स्थिती किंचित सुधारली. मुलींची जागची हलली नाही. भारतातील मुलींचा आकडा या सरासरीहून थोडा बरा, म्हणजे सुमारे तीन चतुर्थांश असा निघाला. परंतु तो बरा का निघाला, याची संशोधकांनी सुचवलेली कारणमीमांसा विचार करायला लावणारी आहे. भारत आणि बांगलादेशातील मुलगे क्रिकेटसारखे खेळ खेळतात, म्हणून त्यांची हालचाल अधिक; आणि मुलींची अधिक असेल तर ती बहुधा त्यांच्यावर पडणाऱ्या घरकामामुळे! मुलाचा व्यायाम मैदानावर मोजला जातो आणि मुलीचा केरसुणीने. एवढे करूनही चारांतील तीन मुली कमीच पडतात, ही गोष्ट वेगळी.

मुलगी मैदानावरून नेमकी केव्हा नाहीशी होते, हे कोणत्याही शिक्षकाला ठाऊक असते. चौथीपर्यंत ती लंगडी खेळते, लगोरी फोडते, दोरीवरच्या उड्या मारते. सातवी-आठवीत पाळी सुरू होते आणि खेळ बंद होतो. कोणी तसा हुकूम काढीत नाही. ‘आता मोठी झालीस’ एवढे आजीचे वाक्य पुरते. धावताना ओढणीचे काय करावे, हा प्रश्न असतो. शाळेतील स्वच्छतागृहाला कडी नसते किंवा पाणी नसते. मैदानाच्या कडेला उभी असलेली टोळकी शेरे मारतात. मग वर्गशिक्षिकाच सांगते, ‘तुम्ही मुली वर्गातच बसा.’ हृदयाला व्यायामाची सवय लागण्याचे जे वय, नेमक्या त्याच वयात तिला बाकावर बसवले जाते. त्यानंतर ती पुन्हा धावते ती नोकरीला लागल्यावर, गाडी पकडण्यासाठी.

मुली फावला वेळ मोबाइलमध्ये घालवतात, अशी तक्रार घरोघर ऐकू येते. ती खोटी नाही. परंतु अंधार पडल्यावर अंगणात, गच्चीवर, रस्त्यावर जाण्यास जिला मनाई आहे, तिला दुसरी कोणती मोकळी जागा ठेवली आहे, याचेही उत्तर तक्रार करणाऱ्यांनी द्यायला हवे.

ताटातले आणि पाकिटातले

आहाराची गोष्ट याहून वेगळी नाही. बाजारातील पाकिटबंद पदार्थांवर सारा दोष टाकणे सोपे आहे आणि तो दोष बऱ्याच अंशी खराही आहे. मीठ, साखर आणि चरबी या तिहींचा त्यांत अतिरेक असतो. परंतु आपले घरगुती ताटही निर्दोष नाही. रोजच्या जेवणात लोणचे, पापड, फरसाण आणि वरून घेतलेले मीठ यांची बेरीज केली तर जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली दिवसाची पाच ग्रॅमची मर्यादा, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा, केव्हाच ओलांडली जाते. एकदा तळणीला वापरलेले तेल टाकून देणे जिवावर येते, म्हणून ते पुन्हा पुन्हा तापवले जाते. पालेभाजी, कडधान्ये, ताक आणि फळ यांचा वाटा मात्र आक्रसत जातो. त्यातही अनेक घरांत शेवटी जेवणाऱ्या बायकांच्या पंक्तीत मुलगी बसते तेव्हा भाताबरोबर भाजीऐवजी रसाच उरलेला असतो. गुरुवार, चतुर्थी, नवरात्र अशा उपवासांची दीक्षाही मुलींना याच वयात मिळते, आणि उपवास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि तळलेले वेफर असे त्याचे रूप झालेले आहे. व्रताचा मान राखूनही हे ताट बदलता येणे शक्य आहे. फळे, दूध, वरी-राजगिरा हेही उपवासालाच चालतात.

तंबाखूचा विषय मुलींच्या संदर्भात काढणे अनेकांना अप्रस्तुत वाटेल. परंतु २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत १३ ते १५ वर्षे वयाच्या ७.४ टक्के शाळकरी मुली कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखूचे सेवन करीत असल्याचे आढळले. मुलग्यांचे प्रमाण ९.६ टक्के होते. दोहोंतील अंतर समजले जाते तेवढे मोठे नाही. महाराष्ट्रात तर मशेरीचा डबा कित्येक घरांत चुलीशेजारीच असतो. दात घासण्याचे साधन म्हणून आजीच्या हातून तो आईकडे आणि आईच्या हातून मुलीकडे येतो. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच, आणि तिचे व्यसन लागते, हे त्या मुलीला कोणी सांगितलेले नसते. बापाच्या विडी-सिगारेटचा धूर एका खोलीच्या घरात साऱ्यांच्याच वाट्याला येतो, तो वेगळाच.

अशा वेळी ‘जीवनशैलीचे रोग’ हा अलीकडे रूढ झालेला शब्द तपासून घेणे आवश्यक ठरते. शैली या शब्दात निवड गृहीत धरलेली आहे. माणूस आपली शैली आपण ठरवतो आणि म्हणून तिच्या परिणामांनाही आपणच जबाबदार असतो, असे तो शब्द न बोलता सांगतो. पन्नाशीच्या गृहस्थाला हे काही अंशी लागू पडेल. परंतु नववीतील मुलीने यांतले नेमके काय निवडले? डबा तिने ठरवला नाही, खेळाचा तास तिने रद्द केला नाही, शाळेच्या फाटकाबाहेर गाडी लावण्यास परवाना तिने दिला नाही, संध्याकाळी घरात राहण्याचा नियमही तिचा नव्हे. इतरांनी आखलेला दिवस ती जगते आणि त्या दिवसाची किंमत तिचे हृदय पुढे चाळीस वर्षांनी मोजते. तेव्हा उपदेश करायचाच तर तो आधी मोठ्यांना केला पाहिजे.

उपदेशाचा उलटा परिणाम कसा होतो, याचेही भान हवे. ‘वजन कमी कर’ हा सल्ला मुलींना तसाही सर्व बाजूंनी मिळतच असतो. लग्नाच्या बाजारात सडपातळपणाला भाव आहे. मग मुली सकाळचे खाणे सोडतात, पोळी सोडतात, आणि आधीच कमी असलेले रक्त आणखी कमी होते. जिथे चौथा हिस्सा मुले कृश आहेत, तिथे वजनकाट्याला आरोग्याचा न्यायाधीश करून चालणार नाही. दम किती टिकतो, कमरेचा घेर किती आहे, रक्तदाब किती आहे, पाळी नियमित येते काय, हे प्रश्न अधिक मोलाचे आहेत. पाळी लांबणे, चेहऱ्यावर लव वाढणे, मानेची कातडी काळवंडणे या गोष्टींकडे आजही केवळ रूपाच्या वा लग्नाच्या काळजीने पाहिले जाते. वास्तविक इन्शुलिनचे कार्य बिघडत असल्याची ती खूण असू शकते आणि डॉक्टरला दाखवण्यासाठी तेवढे कारण पुरेसे आहे.

दीड शतकाचे अपुरे काम

१८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींसाठी शाळा काढली, तेव्हा शिकलेल्या बाईचा संसार बुडतो, असे म्हणणारेच बहुसंख्य होते. आज गावोगावच्या मुली दहावी-बारावीच्या परीक्षेत मुलग्यांच्या पुढे असतात. चुलीपासून पाटीपर्यंतचे अंतर या समाजाने असे मोठ्या कष्टाने तोडले. परंतु पाटीपासून मैदानापर्यंतचे अंतर मात्र तसेच राहिले आहे. वास्तविक ही परंपराच नव्हती असेही नाही. मंगळागौरीच्या रात्री फुगड्या, झिम्मा, पिंगा घालून घाम गाळणाऱ्या बायका किंवा भोंडल्याचा फेर धरणाऱ्या मुली या खेळतच होत्या. वर्षातून काही रात्रींपुरते का होईना, शरीर मोकळे करण्याचे स्वातंत्र्य रूढीनेही त्यांना दिलेले होते. आता ते खेळ स्पर्धेच्या व्यासपीठावर गेले आणि रोजचा खेळ त्यांच्या जागी आला नाही.

येथील मुलींना खेळाचे वावडे आहे, असे म्हणण्यास तर काहीच आधार नाही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. तिच्या अंतिम सामन्यात भारतीय मुलींनी नेपाळला ७८–४० असे हरवले आणि त्या संघाची कर्णधार महाराष्ट्राची प्रियंका इंगळे होती. खो-खोला महागडे साहित्य लागत नाही. दोन खांब, चुन्याची रेघ आणि नऊ-नऊ खेळाडू एवढे पुरे. परंतु शाळा अशा एखाद्या गुणी मुलीला निवडतात, तिला स्पर्धेला पाठवतात, तिची ढाल मुख्याध्यापकांच्या खोलीत ठेवतात आणि उरलेल्या शेकडो मुलींना टाळ्या वाजवायला बसवतात. हृदयाच्या दृष्टीने प्रश्न त्या उरलेल्या मुलींचाच आहे. त्यांना जिंकायचे नाही, फक्त रोज धावायचे आहे.

या दृष्टीने करण्यासारख्या गोष्टी अवघड नाहीत आणि बऱ्याचशा खर्चिकही नाहीत. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने शाळेला मैदान असणे आवश्यक मानलेले आहे. जिथे ते आहे, तिथे दिवसातील ठरावीक वेळ ते केवळ मुलींसाठी राखून ठेवता येईल. शारीरिक शिक्षणाचा तास अन्य विषयाला देण्याची मुभा मुख्याध्यापकांनी काढून घ्यावी. मुलींच्या गणवेशात खेळता येईल असा सलवार वा विजार असावी. स्वच्छतागृहाला पाणी आणि कडी असावी. आरोग्याच्या चर्चेत या गोष्टी क्षुल्लक वाटतात, पण मुलगी मैदानावर टिकते की नाही, ते त्यांवरच ठरते. मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या मुलींना राज्य शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून सायकली दिल्या गेल्या, त्या शाळागळती थांबावी म्हणून. परंतु रोज सायकलवरून शाळेत जाऊन येणारी मुलगी आपल्या हृदयाचीही मशागत करीत असते. जिथे रस्ता सुरक्षित आहे, तिथे रिक्षात कोंबून मुलींना शाळेत पाठवण्याचे कारण नाही. आणि जिथे तो सुरक्षित नाही, तिथे रस्ता सुधारणे हेच आरोग्याचे काम आहे.

आहाराच्या बाबतीत नियम झालेले आहेत, अंमल तेवढा हवा आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार अतिरिक्त मीठ, साखर व चरबी असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत मुलांना विकता येत नाहीत. हा नियम किती पालकांना ठाऊक आहे आणि किती शाळांच्या फाटकाबाहेर पाळला जातो, हे पाहण्यास कोणत्याही समितीची गरज नाही. दुपारच्या सुट्टीत तेथे उभे राहिले की पुरे. बंदी घालून गाडीवाल्याचे पोट मारण्यापेक्षा त्याला उसळ, भाजलेले शेंगदाणे, चणे, काकडी, पेरू विकायला लावणे अधिक शहाणपणाचे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०२५ मध्ये आपल्या शाळांना, कोणत्या खाण्यापिण्यात किती साखर असते याचे फलक लावण्यास सांगितले. हे फलक मराठी शाळेच्या भिंतीवरही शोभून दिसतील. शाळांमधून मुलामुलींची आरोग्य तपासणी २०१३ पासून राष्ट्रीय कार्यक्रमाखाली होत असते. तिच्यात वरच्या वर्गांतील प्रत्येक मुलीचा रक्तदाब आणि कमरेचा घेर नोंदला जावा, आणि तो आकडा कागदावर न राहता घरी कळवला जावा, एवढी अपेक्षा गैर नाही.

राहता राहिले घर. घरात संध्याकाळच्या कामाची वाटणी जोपर्यंत मुलगा आणि मुलगी यांत सारखी होत नाही, तोपर्यंत शाळेने कितीही मैदाने मोकळी केली तरी मुलीजवळ तेथे जाण्यासाठी वेळ नसेल. भांडी घासणे भावालाही जमते. कचेरीतून परतणाऱ्या वडिलांनी दूरचित्रवाणीपुढे बसण्याऐवजी मुलीला घेऊन तासभर झपाट्याने चालायला जावे. दोन पिढ्यांची हृदये त्यात एकदमच सुधारतील.

या प्रश्नाची चर्चा होते तेव्हा ‘आजची मुलगी ही उद्याची माता’ हे वाक्य हमखास उच्चारले जाते. ते असत्य नाही. सकस आणि सशक्त मुलगी पुढे सकस अर्भकाला जन्म देईल, कृश-चरबीयुक्त शरीराचे पिढ्यानपिढ्यांचे चक्र तिथे खंडित होईल, हे पुण्याच्या संशोधनानेच शिकवले आहे. परंतु तिचे आरोग्य केवळ पोटी येणाऱ्या बाळासाठी जपायचे, ही दृष्टी अपुरी आहे. तिचे हृदय आधी तिचे स्वतःचे आहे. आपल्या घरांतील कित्येक बायका छातीत कळ आली तरी ‘पित्त झाले असेल’ म्हणून पदर खोचून कामाला लागतात आणि रुग्णालयात पोहोचतात तेव्हा उशीर झालेला असतो. स्वतःच्या शरीराकडे शेवटी पाहण्याची ही सवय त्यांना पन्नाशीत लागलेली नसते. ‘आता मोठी झालीस’ असे म्हणून ज्या दिवशी त्यांना मैदानावरून घरात बोलावले गेले, त्या दिवशी ती लागलेली असते. शाळकरी मुलीला दिवसातला एक तास तिच्या धावण्यासाठी परत देणे, हा त्या सवयीवरचा पहिला आणि सर्वांत स्वस्त उपाय आहे. तो देणे शाळेच्या आणि घराच्या हाती आहे. त्यासाठी हृदयरोगतज्ज्ञाची वाट पाहावी लागत नाही.